कापडातून हवा, घाम आणि पाऊस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग बसवला. तेव्हापासून कोल्हापूर जिल्ह्यात कापड हा घरोघरचा विषय झाला. तरीही दुकानात "हे गरम तर नाही ना होणार?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "प्युअर कॉटन आहे, साहेब." हे उत्तर अर्धवट आहे. सुताची जात नंतर बघायची, आधी दोन सुतांमधली फट बघायची. गिऱ्हाईक, शिंपी, गांधीनगरच्या कापडपेठेतले व्यापारी आणि मागवाले जे नेहमी विचारतात, ते प्रश्न खाली घेतले आहेत.

हवा खेळणं आणि घाम बाहेर जाणं एकच ना?

नाही. कापडातून तीन वेगवेगळ्या गोष्टी, तीन वेगवेगळ्या कारणांनी जातात.

हवा दाबाने जाते. वारा, पंखा किंवा चालताना अंगावर हलणारं कापड हा दाब तयार करतं, आणि हवा सुतांमधल्या भोकांतून निघते. घामाची वाफ मात्र वारा नसतानाही जाते. जिथे वाफ जास्त तिथून कमी असेल तिकडे ती सरकते, भोकांतून आणि काही प्रमाणात तंतूच्या आतूनही. तिसरं म्हणजे पातळ घाम. तो सुतातल्या तंतूंच्या बारीक फटींतून वर चढतो, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसा.

चांगल्या प्रतीच्या पावसाळी जॅकेटमधून हवा जवळजवळ शून्य जाते, पण वाफ जाते. मच्छरदाणीतून हवा आणि वाफ दोन्ही जातात, पण पॉलिएस्टरची असली तर ती घामाचा थेंब ओढत नाही. म्हणून नुसतं "हवा खेळते" म्हटल्याने काम भागत नाही. तिन्हींपैकी तुम्हाला काय हवंय ते आधी ठरवा. एक ग्रॅम घाम वाळताना अंगातली सुमारे २,४०० जूल उष्णता घेऊन जातो. तो वाळला तरच. टपकून खाली पडलेल्या घामाने अंग गार होत नाही.

विणीत नेमकं काय बघायचं? रीड-पिकचे आकडे काय सांगतात?

बरंच काही सांगतात, फक्त थोडा हिशेब करावा लागतो. रीड म्हणजे एका इंचातले उभे, ताण्याचे धागे; पिक म्हणजे आडवे, बाण्याचे. सुती सुताचा व्यास काढायचं जुनं सूत्र आहे: सुताच्या नंबरचं (नंबर जेवढा मोठा तेवढं सूत बारीक) वर्गमूळ काढा, त्याला २८ ने गुणा, आणि १ भागिले ते उत्तर म्हणजे इंचातला व्यास. ४० नंबरच्या सुताला हा व्यास १/१७७ इंच, म्हणजे ०.१४ मि.मी.च्या जरा वर येतो.

आता इचलकरंजीत नेहमी निघणारी दोन कापडं घ्या. दोन्हींत ताणा-बाणा ४० नंबरचाच.

पहिलं केंब्रिक, ९२ × ८८ (आधी ताणा, मग बाणा). इंचात ९२ धागे म्हणजे एका धाग्यापासून पुढच्यापर्यंत ०.२७६ मि.मी. त्यातून धाग्याची जाडी वजा केली की फट उरते ०.१३ मि.मी. बाण्याच्या बाजूने तसंच केलं तर ०.१४५. म्हणजे भोक जवळजवळ चौकोनी, आणि कापडाचा साधारण २४ टक्के भाग उघडा.

दुसरं पॉपलीन, १३२ × ७२. ताण्याच्या धाग्यांमधली फट फक्त ०.०५ मि.मी., बाण्याच्या बाजूने ०.२१. भोक चौकोनी न राहता उभी चीर होते, आणि उघडा भाग १५ टक्क्यांवर येतो.

केंब्रिकमध्ये इंचामागे एकूण १८० धागे, पॉपलीनमध्ये २०४. धागे वाढले तेरा टक्के, हवेत पडणारा फरक त्याच्या कितीतरी पट. कारण हवा नुसत्या उघड्या क्षेत्रफळावर जात नाही, भोकाच्या अरुंद बाजूवर जाते. एका मोठ्या भोकाची चार छोटी भोकं केली आणि एकूण क्षेत्रफळ तेवढंच ठेवलं, तरी त्याच दाबाला हवा साधारण चौथ्या हिश्श्यावर येते, कारण कडेला घासणारी हवा वाढते. दाट पॉपलीनचा शर्ट पंख्याखाली बसूनही का उकडतो, त्याचं उत्तर या ०.०५ मि.मी.त आहे.

याउलट ८० नंबरची ७२ × ६४ वॉईल. सूत इतकं बारीक की निम्म्याहून जास्त कापड उघडं, कागदावर ५३ टक्के. प्रत्यक्षात सूत गोल राहत नाही, चपटं होतं, वर लव असते, त्यामुळे हे आकडे थोडे खाली येतात. तुलनेला मात्र ते पुरेसे आहेत.

नंबर, पीळ आणि सुतावरची लव यांनी किती फरक पडतो?

नंबर वाढला, म्हणजे सूत बारीक झालं, तर तेवढ्याच धाग्यांत भोकं मोठी होतात. पीळ वाढवला की सूत आवळून बारीक होतं आणि कडक राहतं; वॉईल अंगापासून सुटी राहते ती या पिळामुळे. पण जास्त पिळामुळे तंतूंमधल्या फटीही आवळतात, त्यामुळे असं सूत घाम सावकाश ओढतं. हवा हवी की ओढ हवी, इथे निवड करावी लागते.

लवेकडे कोणी बघत नाही. कार्डेड म्हणजे नुसत्या पिंजलेल्या कापसाच्या सुतावर बाहेर आलेले तंतू भोकावर जाळ्यासारखे पसरतात. कोम्ब्ड, म्हणजे आखूड तंतू विंचरून काढलेलं सूत त्याहून साफ; कॉम्पॅक्ट, म्हणजे कातताना तंतू आवळून घेतलेलं सूत आणखी साफ. नंबर, रीड, पिक सगळं सारखं असूनही दोन पार्ट्यांच्या कापडात हवेचा फरक आला तर आधी सुताचा कोन (गुंडाळी) कुठल्या गिरणीचा ते तपासा, मागाला नंतर दोष द्या.

ट्विल, सॅटिन, मॅटी यात हवा जास्त जाते की साध्या विणीत?

सूत आणि धाग्यांची संख्या तीच ठेवली तर साध्या विणीत सगळ्यात कमी जाते. तिथे प्रत्येक धागा दर वेळी वर-खाली होतो, गुंफण घट्ट बसते, धागे हलत नाहीत. ट्विल आणि सॅटिनमध्ये धागा दोन-तीन किंवा चार धाग्यांवरून मोकळा जातो, हवेच्या दाबाला बाजूला सरकतो, वाट देतो. मॅटीमध्ये धागे जोडीने चालतात, त्यामुळे भोकं कमी पण मोठी, आणि मोठ्या भोकाचा फायदा वर सांगितलाच.

मग ड्रिलची (जाड ट्विलची) पँट गरम का होते? कारण ट्विलमध्ये गुंफण कमी असल्याने त्याच पन्न्यात (रुंदीत) जास्त धागे कोंबता येतात, आणि मागवाला ते कोंबतोच. नाहीतर कापड लुळं पडतं. तेव्हा दोष ट्विलचा नाही, कोंबण्याचा.

अंगापासून कापड सुटं ठेवायचं तर हनीकोंब किंवा सीरसकर बघा. खळगे आणि सुरकुत्यांमुळे कापड कातडीला थोड्याच ठिकाणी टेकतं आणि मधे हवा राहते.

टी-शर्टचं कापड एवढं जाड असून गार का लागतं?

विणलेल्या कापडात धागा सरळ जातो, होजिअरीत त्याचे फास असतात. फासाच्या पोटात आणि दोन फासांच्या मधे जागा राहते, म्हणून चौरस मीटरला १८० ग्रॅमची सिंगल जर्सी (टी-शर्टचं साधं कापड) १२० ग्रॅमच्या पॉपलीनपेक्षा हवा जास्त सोडते. इथे धाग्यांची संख्या नाही, फासाची लांबी बघायची. फास लांब तर कापड मोकळं, पण लवकर ढगळतं. पहिल्या दोन-तीन धुण्यांत फास आकसतात आणि भोकं बंद होतात. दुकानात हवेशीर वाटलेला टी-शर्ट महिन्याभराने कोंदट वाटतो तो यामुळे. कॉम्पॅक्टिंग केलेलं, म्हणजे आधीच आटवलेलं कापड घेतलं तर हा बदल कमी होतो. पीकेच्या (कॉलरच्या टी-शर्टच्या खळगेदार कापडाच्या) टी-शर्टला मुद्दाम भोकं ठेवलेली असतात, इंटरलॉक मात्र दुहेरी असल्याने त्यातलं सगळ्यात बंद.

अखेर सुती चांगलं की पॉलिएस्टर?

काम काय, त्यावर आहे. आधी आकडे. हवेत ६५ टक्के दमटपणा असताना तंतू आपल्या कोरड्या वजनाच्या किती टक्के पाणी पोटात धरतो: सुती ८.५, रेशीम ११, व्हिस्कोस ११ ते १३, लोकर १६ च्या आसपास, नायलॉन ४, पॉलिएस्टर ०.४.

सुती तंतू घाम पोटात घेतो, म्हणून थोडा घाम असेल तेव्हा कातडी कोरडी राहते. ऑफिसमध्ये, शाळेत, बाजारात फिरताना सुतीच बरं. पण घाम वाढला की तंतू फुगतो, भरतो आणि ओझं धरून बसतो. शाहू स्टेडियमवर नव्वद मिनिटं धावणाऱ्या पोराला सुती बनियन पाणी भरलेल्या पोत्यासारखं होतं. त्याला पॉलिएस्टरच बरं, पण साधं नव्हे: खाचा असलेल्या तंतूचं, जाळीदार विणीचं. तिथे तंतू पाणी पीत नाही, खाचांतून बाहेरच्या बाजूला नेऊन पसरवतो आणि तिथे ते वाळतं.

रस्त्यावर मिळणारी गुळगुळीत, दाट विणीची पॉलिएस्टर जर्सी या दोन्हींत बसत नाही. ती ना पिते, ना नेते.

पॉलिकॉटचं दोन्हींच्या मधलं. ६५ टक्के पॉलिएस्टर, ३५ टक्के सुती असेल तर पाणी धरायची ताकद ३ टक्क्यांच्या जरा वर. इस्त्री टिकते, लवकर वाळतं, एवढ्यासाठी घ्या.

घामाने भिजलेला शर्ट अंगाला चिकटला की गुदमरल्यासारखं का होतं?

कारण त्यातून हवा जाणं बंद झालेलं असतं. एक हातरुमाल कोरडा असताना तोंडासमोर ताणून धरा आणि फुंकर मारा, सहज पलीकडे जाते. तोच ओला करून पिळा आणि परत फुंका. गाल फुगतात, फुंकर अडते.

प्रत्येक भोकात पाण्याचा पापुद्रा बसतो. ०.१३ मि.मी.च्या भोकातला पापुद्रा फोडायला सुमारे २,२०० पास्कल दाब लागतो. ताशी २० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब २० पास्कलही भरत नाही. तेव्हा मोटरसायकलवर कितीही वारा लागला तरी ओल्या कापडातून तो आत येत नाही. गार वाटतं ते बाहेरून पाणी वाळतं म्हणून. भरीला सुती तंतू भिजल्यावर जाडीत साधारण २० टक्के फुगतो आणि लांबीत जेमतेम एक टक्का, म्हणून भोकं आणखी लहान होतात.

याच फुगण्याचा फायदाही घेतलेला आहे. दुसऱ्या महायुद्धात मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटने ब्रिटिश वैमानिकांसाठी व्हेंटाइल नावाचं कापड काढलं: लांब धाग्याचा कापूस, अतिशय दाट वीण, कसलाही रबरी लेप नाही. कोरडं असताना वाफ सोडायचं, समुद्रात पडलं की सूत फुगून भोकं मिटायची. इचलकरंजीला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात, त्या मूळ मँचेस्टरचं हे काम.

नवीन सुती कापड पाणी का ओढत नाही? नवा टॉवेल तर अंगावरून घसरतो.

कापसाच्या तंतूवर निसर्गतः मेण असतं, वर विणण्याआधी ताण्याला लावलेली सायझिंगची खळ. ग्रे, म्हणजे मागावरून निघालेल्या कोऱ्या कापडावर थेंब टाका, मोत्यासारखा बसून राहील. प्रोसेसला स्कावरिंग (सोड्यात उकळून धुणं) नीट झालं तर मेण जातं. अर्धवट झालं तर कुठे ओढतं, कुठे नाही, आणि रंगही डागाळतो.

पण दुकानातल्या टॉवेलचा दोष बहुधा वेगळा असतो: हाताला मऊ लागावा म्हणून शेवटी दिलेलं सिलिकॉन. मऊपणा विकला जातो, ओढ मरते. दोनदा गरम पाण्यात साबणाने धुवा, सॉफ्टनर घालू नका. तरीही थेंब बसून राहत असेल तर तो टॉवेल कधीच नीट पुसणार नाही. घरच्या धुण्यातही हेच: स्पोर्ट्सचे कपडे आणि टॉवेल यांना सुगंधी सॉफ्टनर लावणं म्हणजे पैसे देऊन त्यांची ओढ घालवणं.

धोतर, सदरा, सुती साडीला खळ घालता ना, ती पातळ ठेवा. घट्ट खळ भोकांवर पडद्यासारखी वाळते. उन्हाळ्यात कडक इस्त्रीचा शर्ट आधी रुबाबदार आणि मग असह्य होतो तो त्यामुळेच.

एकदा धुतल्यावर कापड जाळीसारखं झालं. फसवणूक झाली का?

शक्यता आहे. ठरल्यापेक्षा पिक कमी मारायचे, म्हणजे बाण्याचं सूत वाचतं, आणि कमी झालेलं वजन फिनिशिंगला खळ भरून व कॅलेंडर नावाच्या रुळांच्या यंत्रावर दाबून झाकायचं, ही जुनी खोड आहे. कॅलेंडरचे रूळ सूत चपटं करतात, भोकं तात्पुरती मिटतात, कापड भरीव दिसतं. पहिल्या धुण्यात खळ जाते, सूत परत गोल होतं.

तागा घेण्याआधी वीतभर चौकोन कापा, कडा दोरे निघू नयेत म्हणून शिवून घ्या, वाळवून तोळ्यामाशाच्या काट्यावर वजन करा. मग उकळत्या पाण्यात थोडा सोडा घालून अर्धा तास ठेवा, खळाळून धुवा, पूर्ण वाळवा, परत वजन करा. तयार कापडाचं वजन दोन-तीन टक्के घटलं तर ठीक. दहा टक्क्यांच्या आसपास गेलं तर तुम्ही कापडाच्या भावात खळ घेतलीत. हे वजन तुकड्याचं करायचं, चौरस मीटरचं नव्हे. कारण धुतल्यावर कापड आटतं आणि चौरस मीटरचं वजन उलट वाढलेलं दिसू शकतं. शिवाय भिंग घेऊन एक इंचात पिक मोजा, तेही तीन ठिकाणी, किनारीपासून दूर.

महागाचा रेनकोट घेतला, तरी आतून भिजतो. फाटलाय का?

बहुतेक वेळा फाटलेला नसतो. आतलं पाणी पावसाचं नाही, तुमचंच असतं. ओळखायचं कसं? बाह्या आणि पाठ सगळीकडे सारखी दमट असेल तर घाम; शिवणीजवळ, खांद्यावर, मांडीवर ठराविक जागी ओल असेल तर गळती.

पीव्हीसीच्या रेनकोटमधून वाफ जातच नाही, तिथे प्रश्नच मिटला. पीयू (पॉलियुरेथेन) लेपाच्या किंवा मेम्ब्रेनच्या (पाणी अडवून वाफ सोडणाऱ्या पातळ पडद्याच्या) जॅकेटमधून जाते, पण त्यासाठी आत-बाहेर वाफेच्या दाबात फरक हवा. कोल्हापूरची गोची इथे आहे. घामेजलेल्या कातडीजवळ ३५ अंशांना वाफेचा दाब ५.६ किलोपास्कल. जुलैमध्ये बाहेर २५ अंश आणि ९० टक्के दमटपणा म्हणजे बाहेरचा दाब २.८५. फरक उरला २.८ च्या आसपास. हेच जॅकेट हिमालयात ५ अंशांना, ५० टक्के दमटपणात घातलं तर फरक ५ च्या वर. तेच कापड, तीच किंमत, आणि गगनबावड्याच्या घाटात ते जवळजवळ निम्म्यावर चालतं.

आकड्यांत बघा. लेबलवर ५,००० ग्रॅम प्रति चौरस मीटर प्रति दिवस लिहिलंय. जॅकेटचं कापड दीड चौरस मीटर धरलं तर तासाला ३१० ग्रॅम. इथल्या पावसात निम्मे धरा, दीडशे. पन्हाळ्याची चढण झपाझप चढताना माणसाला तासाला अर्धा लिटर घाम सहज येतो. उरलेला आतच राहणार.

त्यात बाहेरच्या कापडाचं पाणी झटकणारं फिनिश झिजलं की पाणी थेंब होऊन घरंगळत नाही, पसरतं. बाहेर ओला थर बसला की वाफेची वाट आणखी अडते आणि आतली बाजू गार पडून तिथे दव धरतं. दर हंगामाआधी सौम्य साबणाने धुवा, पावडरचा अंश राहू देऊ नका, आणि लेबलवर परवानगी असेल तर मंद गरम इस्त्री किंवा ड्रायर; उष्णतेने हे फिनिश पुन्हा जागं होतं. थेंब तरीही पसरत असेल तर वरून मारायचा फवारा मिळतो.

इथल्या दुचाकीस्वारासाठी सरळ सल्ला: दहा हजाराच्या मेम्ब्रेनपेक्षा पाठीला झापेखाली जाळी आणि काखेत चेन असलेला ढगळ रेनकोट घ्या. हवेला वाट दिली की मेम्ब्रेनपेक्षा जास्त वाफ जाते.

मग घोंगडी कशी काय चालायची पावसात?

घोंगडीत पाणी अडवायला काही लेप नाही. दख्खनी मेंढीच्या लोकरीचं जाड सूत, चिंचोक्याची खळ, आणि वापरून वापरून लोकरीचे तंतू एकमेकांत गुंतून झालेला दाट पोत. लोकरीच्या तंतूवर बाहेरून खवले असतात, थेंब लगेच आत जात नाही. पण वाफ तंतूच्या पोटात जाते, आणि लोकर वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत ओल धरूनही हाताला चिंब लागत नाही. वर ओल शोषताना लोकर थोडी ऊबही सोडते. रिपरिप पावसात रानात उभ्या असलेल्या माणसाला याचा उपयोग होतो. मुसळधार पावसात ती भिजतेच आणि मग उचलवत नाही, हेही खरं.

ब्लाउजला किंवा जॅकेटला अस्तर कुठलं लावावं?

दोन थरांचा अडथळा एकमेकांत मिळतो, त्यामुळे वरचं कापड कितीही हवेशीर असो, निर्णय अस्तराचाच. मलमली कापडाला दाट पॉलिएस्टर अस्तर लावलं तर गिऱ्हाइकाने मलमलीचे पैसे फुकट दिले. सुती अस्तर आधी भिजवून, आटवून मगच कापा. काख आणि पाठीच्या वरच्या भागात अस्तर टाळता आलं तर टाळा. चिकट बकरम जिथे दाबाल तिथे हवा बंद, म्हणून कॉलर-पट्टीपुरतंच. आणि अर्धा इंच ढिलाई जास्त द्या: चालताना कापड आत-बाहेर हलतं आणि भात्यासारखी हवा बदलतं. अंगाला घट्ट बसणाऱ्या कपड्यात हा भाता बंद पडतो.

घरी तपासता येईल का? यंत्र नाही.

येईल, तुलनेपुरतं. एका कापडाचा आकडा शोधू नका, दोन कापडं शेजारी ठेवा.

हवेसाठी: पातळ कागदाची पट्टी टेबलाच्या कडेला चिकटवून लोंबती ठेवा. कापड तोंडापासून दोन बोटं अंतरावर ताणून फुंका आणि पट्टी किती उचलते ते बघा. कापड ओढून ताणू नका, भोकं मोठी होतात.

ओढीसाठी: कापडाची २० सें.मी. लांब, २.५ सें.मी. रुंद पट्टी, एक ताण्याच्या दिशेने, एक बाण्याच्या. खालचं २ सें.मी. टोक निळी शाई घातलेल्या पाण्यात बुडवून लटकवा. १, ४ आणि १० मिनिटांनी खूण करा. चौपट वेळेत उंची साधारण दुप्पट होते, म्हणून पहिल्या मिनिटाला चढलंच नाही तर पुढे वाट बघण्यात अर्थ नाही. खळ असलेली पट्टी आणि धुतलेली पट्टी शेजारी लावा; फरक पोरांनाही दिसेल.

थेंबासाठी: एक सें.मी. उंचीवरून एक थेंब टाका. चमक नाहीशी व्हायला पाच सेकंदांपेक्षा जास्त लागली तर ते कापड पुसायच्या किंवा घाम ओढायच्या कामाचं नाही.

वाफेसाठी: १६ सें.मी. तोंडाची दोन-तीन सारखी पातेली, काठापासून २ सें.मी. खाली पाणी. एकावर एक कापड, दुसऱ्यावर दुसरं, रबराने ताणून बांधा, एक उघडं ठेवा. पंखा बंद. स्वयंपाकघरातल्या एक ग्रॅमच्या काट्यावर वजन, २४ तासांनी परत. तोंडाचं क्षेत्रफळ २०० चौ. सें.मी., म्हणून आलेल्या घटीला ५० ने गुणलं की चौरस मीटरमागचे ग्रॅम. छोटी बरणी घेऊ नका, घट दोन-तीन ग्रॅम येईल आणि काट्याची चूकच तेवढी असते. हे उन्हाळ्यात किंवा थंडीत करा. जुलैत सगळीच पातेली जवळजवळ तशीच राहतात.

एक गोष्ट चकवते: मलमल आणि पॉपलीन या चाचणीत जवळजवळ सारखी येतात. चूक नाही ती. पाण्यावरच्या स्थिर हवेचा थरच वाफेला इतका अडवतो की उघड्या विणीतला फरक त्यात बुडून जातो. रेनकोटचं कापड मात्र लगेच वेगळं पडतं.

लॅबचा रिपोर्ट आला. आकडे कसे वाचायचे?

इचलकरंजीत डीकेटीईसारखी वस्त्रतंत्र शिकवणारी संस्था आहे, त्यामुळे तपासणीची भाषा इथे परकी नाही. तरी गोंधळ होतो तो एककांचा. हवेचा आकडा मि.मी. प्रति सेकंद किंवा सीएफएममध्ये (चौरस फुटामागे मिनिटाला किती घनफूट हवा) येतो. १ सीएफएम म्हणजे ५.०८ मि.मी. प्रति सेकंद. त्याशेजारी दाब लिहिलाय का बघा: कपड्यांना आयएसओ पद्धतीत बहुधा १०० पास्कल, अमेरिकी पद्धतीत १२५. दाब वेगळा तर आकडे शेजारी ठेवू नका. १०० पास्कल म्हणजे ताशी ४६ किलोमीटर वाऱ्याचा दाब; तुमच्या पंख्याचा नाही.

वाफेचा आकडा ग्रॅम प्रति चौरस मीटर प्रति दिवस असेल तर पातेलं सरळ होतं की उलटं, हे विचारा. उलट्या पद्धतीत पाणी कापडाला टेकतं आणि आकडा फुगून येतो. घामेजत्या तव्याच्या चाचणीत उलट असतं, तिथे अडथळा मोजतात: ६ च्या खाली उत्तम, १३ पर्यंत चांगलं, २० पर्यंत चालण्याजोगं, वर गेलं की नको.

नमुना २७ अंश आणि ६५ टक्के दमटपणात ठेवून मग तपासलाय ना, तेही बघा. आपल्याकडचं प्रमाण तेच आहे.

चादर ६०० थ्रेड काउंटची घ्यावी का?

कोल्हापूरच्या हवेला नको. एवढे धागे इंचात खरोखर बसवले तर हवा अडते. आणि बरेचदा ते बसवलेलेही नसतात, दुहेरी-तिहेरी पिळाच्या सुताचा प्रत्येक पदर वेगळा मोजलेला असतो. दोनशेच्या आसपासची, कोम्ब्ड सुताची, साध्या विणीची चादर पुरे.

मच्छरदाणी लावली की वारा लागत नाही. मोठ्या भोकांची घेऊ का?

नका घेऊ, डास शिरतील. चौरस इंचात १५६ भोकं हे चालू प्रमाण आहे. वाऱ्यासाठी धागा बारीक असलेली घ्या, आणि धुवत जा. धुळीने धागा जाड होतो.

शिरोलीच्या फाउंड्रीत काम आहे. पातळ शर्ट बरा ना?

भट्टीजवळ नाही. तिथे उष्णता हवेतून कमी आणि तापलेल्या धातूतून किरणांनी जास्त येते. विरळ कापडाच्या भोकांतून ती आणि ठिणगी दोन्ही आत शिरतात. दाट सुती ड्रिल किंवा डेनिम, ढगळ मापाचं. पॉलिएस्टर किंवा पॉलिकॉट अजिबात नको: पॉलिएस्टर २६० अंशांच्या आसपास वितळतं आणि कातडीला चिकटतं. हवेसाठी पाठीला योकखाली (खांद्यामागच्या पट्टीखाली) उघडी झाप ठेवून घ्या. ओतकामाला कारखान्याने दिलेला आगरोधक कोटच घाला, साधं सुती कापड त्याची जागा घेत नाही.

जुलैत कपडे वाळतच नाहीत आणि कुबट वास येतो. काय करावं?

एप्रिलच्या दुपारी ३७ अंश आणि २५ टक्के दमटपणा असताना एक घनमीटर हवा आणखी ३३ ग्रॅम पाणी घेऊ शकते. जुलैत २४ अंश आणि ९० टक्के असताना जेमतेम २ ग्रॅम. पंधरापट फरक. म्हणून हवेची गरमी वाढवण्यापेक्षा हवा बदलती ठेवा: दारं-खिडक्या लावलेल्या खोलीत कपडे टांगू नका, दोरीवर एकाआड एक जागा सोडा, खालून टेबलफॅन लावा. शर्ट उलटा, हँगरवर, बटणं उघडी. जीन्स कमरेकडून गोल उघडी टांगा, खिशाची पोती बाहेर काढून. वास यायला लागलेला कपडा नुसता वाळवून वास जात नाही. तो परत गरम पाण्यात धुवावा लागतो आणि त्याच दिवशी इस्त्रीने पूर्ण कोरडा करावा लागतो, शिवणीसकट.